‘आम्ही’ म्हणजे कोण कोण?

पपा, तुमची ती गोष्ट मी पुस्तकातून काढून टाकली. तीच, फावड्याची. जी तुम्ही जन्मभर सांगत आलात, जी ऐकताना नगर-जालन्याकडच्या बायका पदरानं डोळे पुसायच्या आणि पाहुणे पाळक तुमचा हात दोन्ही हातांत धरून ठेवायचे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी अजून उपासना सुटल्यावर कोणी ना कोणी मला गाठतं आणि म्हणतं, तुमच्या वडिलांनी केली तशी क्षमा करायला काळीज लागतं हो. मी आपली हसते आणि चपला शोधायला लागते. आता तुम्ही म्हणाल, पुस्तक कसलं? सांगते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एका दैनिकात दर रविवारी ख्रिस्ती श्रद्धेवर लिहायला लागले. वाचणारे बहुतेक आपल्या मंडळीबाहेरचे. कृपा म्हणजे नक्की काय, बाप्तिस्म्याला नदीच लागते का, तुमचे पाळक लग्न करतात मग फादर का करत नाहीत, तुमच्यात तेराव्याचं काय करता, असले त्यांचे प्रश्न. मी साध्या भाषेत उत्तरं देते. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. शास्त्र सोपं करायला गेलं की स्वस्त होतं, असं तुम्ही म्हणायचात, आणि म्हणताना माझ्याकडेच बघायचात. तर त्या लेखांचं पुस्तक होतंय. सगळी प्रकरणं झाली होती, क्षमेवरचं एक राहिलं होतं. ते मी तुमच्या गोष्टीनं सुरू केलं. दुसरं सुचणार तरी काय होतं? लहानपणापासून क्षमा म्हटली की मला तुम्हीच पुलपिटावर उभे दिसता.

पुस्तकाचं काम बघणारी मुलगी पंचवटीतली आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. स्कूटीवरून येते, हेल्मेट माझ्या डायनिंग टेबलावर ठेवते आणि पेन्सिल काढून माझ्या मजकुराला भिडते. मला मॅडम म्हणते आणि एक शब्द सोडत नाही. ते प्रकरण तिनं माझ्यासमोर बसूनच वाचलं. तुमच्या त्या रविवारच्या वाक्यापाशी, ‘आम्ही त्याला क्षमा केली आहे’ इथं, तिची पेन्सिल थांबली. ‘आम्ही’खाली रेघ मारून तिनं विचारलं, “मॅडम, हे आदरार्थी आहे का? म्हणजे बाबा स्वतःलाच आम्ही म्हणायचे, की आम्ही म्हणजे तुम्ही सगळे घरचे?” मी म्हटलं, आमच्यात पाळक सगळ्यांच्या वतीनं बोलतो. ती म्हणाली, बरं, पण सगळे म्हणजे कोण कोण? मार तर आईंना बसला होता ना? मग त्या काय म्हणाल्या? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला सुनावलं, की बाळ, तुला आमच्यातलं काही कळत नाही, तू शुद्धलेखन बघ. तिनं शांतपणे मान डोलावली, समासात काहीतरी लिहिलं, हेल्मेट उचललं आणि गेली. तिनं लिहिलं होतं, ‘आईंना विचारलं होतं का?’ मी हातातला चहाचा कप भिंतीवर भिरकावला. या वयाला शोभत नाही, पण भिरकावला. हे हात तुमच्याकडून आलेत, तेव्हा तुम्ही मला शिकवू नका.

त्या दिवशी काय झालं ते मी कधीच कोणाला सांगितलं नाही, कारण तुमचं सांगून झालं होतं. आज माझं सांगते. लष्कराच्या कॅम्पातल्या मंडळीत आपण होतो. मी सातवीत. गवंडीमामांनी आपल्या चर्चच्या कंपाउंडची भिंत बांधली होती आणि मंडळीतल्या प्रत्येकाची कबर तेच खोदायचे. कोणाकडून कधी काही घेतलं नाही, फक्त चहा. कबर खोदून झाली की ते टोपी काढून भिंतीशी उभे राहायचे आणि तुमची प्रार्थना संपेपर्यंत हलायचे नाहीत. त्यांची थोरली मुलगी माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, संडेस्कूलमध्ये आम्हाला गाणी शिकवायची. साखरपुडा मोडला आणि त्या आठवड्यात तिनं विहिरीत जीव दिला. शुक्रवारी सकाळी मामा तुमच्याकडे आले. त्यांनी फक्त घंटा मागितली, माती देताना चर्चची वाजते ती. तुम्ही म्हणालात, घंटा नाही. प्रेत चर्चमध्ये आणायचं नाही, दफनविधी नाही, आणि कबर कुंपणालगत, जिथं बेवारशांना पुरतात तिथं. देवानं दिलेला जीव तिनं देवाच्या हातून हिसकावला, मी काय करू, नियम माझा नाही, असं तुम्ही म्हणालात. पपा, पुढं मी शिकले तेव्हा शोधलं. आपल्या मंडळीच्या नियमावलीत तसं कलमच नव्हतं. तुमच्या आधीच्या पाळकांनी तशाच एका पोराला रीतसर माती दिली होती, घंटा वाजवून. नियम तुमचाच होता. मामा सलाम करून मागच्या दारानं निघून गेले.

शनिवार आहे. दुपारचे दोन वाजलेत. तोफांचा सराव चालू आहे, त्यामुळं फळीवरची भांडी थडथडतायत. आई स्टोव्हवर पिठलं करतेय, मामांच्या घरी पाठवायला. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजार कडू घास नेतो, ते काही आपण बाप्तिस्मा घेऊन सोडलेलं नव्हतं. सकाळी तुम्ही तिला म्हणाला होतात, जिला घंटा नाही तिच्या घरी घास कशाला. ती म्हणाली, “घंटा तुमची. चूल माझी.” एवढंच. मी खाली बसून लसूण सोलतेय. मागच्या दारातून मामा येतात. पाय मातीनं माखलेले, हातात फावडं. लेकीला स्वतः खोदून, स्वतः पुरून आलेत. तिथं कोणीही तोंडातून शब्द काढला नाही, तुमची भीती. आवाज ऐकून तुम्ही बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येता, हातात रविवारच्या प्रवचनाचे कागद. मामा म्हणतात, “साहेब, चला. एक वाक्य म्हणा. आत नका येऊ, कुंपणाबाहेरून म्हणा, उभ्या उभ्या म्हणा.” आणि तुम्ही म्हणता, “तिच्यासाठी म्हणायला माझ्याकडं वाक्य नाही.”

मी खाली बसलेली होते म्हणून मला पायच दिसत होते. मामांचे मातीचे पाय एकदम पुढं आले. तुमचा उजवा पाय उंबऱ्याच्या मागं गेला, मग डावा. आणि मध्ये आईचे पाय आले. तिनं हातातली पळीसुद्धा खाली ठेवली नव्हती. फावड्याचं पातं तिच्या जबड्यावर बसलं. तो आवाज मी आजही सांगू शकते, ओला लाकूडफाटा गुडघ्यावर मोडावा तसा. ती ओरडली नाही, तोंडच उरलं नव्हतं ओरडायला. कानातून, नाकातून रक्त, आणि पिठल्याच्या कढईत तिचे दोन दात. मामांना दिसलं की नाही देव जाणे. ते मारतच सुटले. स्टोव्ह आडवा केला, माठ फोडला, फळी खाली ओढली, तुमच्या खांद्यावर एक घातला, तुम्ही दाराआड पडलात. तोंडानं एकच, लेकीचं लाडाचं नाव. मी उठले आणि त्यांच्या मनगटाला चावले. नुसती चावले नाही, पपा, दात रुतवून लोंबकळले. माझ्या तोंडात त्यांच्या कातडीची चव, कबरीच्या मातीची चव. त्यांनी मला झटकलं तेव्हा मी भिंतीवर आदळले. मग ते एकदम थांबले, आईकडं बघितलं, आणि तिच्या डोक्याशी मटकन खाली बसले. आपल्या टोपीनं ते तिचं रक्त टिपायला लागले. तुम्ही दाराआडून उठलात ते शेजाऱ्यांची पावलं वाजल्यावर.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई दवाखान्यात, जबडा तारेनं बांधलेला. पोलीस आदल्या संध्याकाळीच येऊन गेले होते, तुम्ही त्यांना तक्रार नाही म्हणून परत लावलंत. सकाळी तुम्ही गळ्यात हात अडकवून पुलपिटावर चढलात. चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलवर्गानं मामांना आणून पहिल्या बाकासमोर उभं केलं होतं. तुम्ही म्हणालात, “आम्ही त्याला क्षमा केली आहे.” मग त्यांना गुडघे टेकायला सांगितलंत. त्यांनी टेकले. तुम्ही बरा असलेला हात त्यांच्या डोक्यावर ठेवलात, आणि सगळी मंडळी हमसून हमसून रडली. मीही रडले. मला वाटलं, केवढा मोठा माणूस माझा बाप. पण तुम्ही त्या मुलीचं नाव घेतलं नाहीत. मामांना राग का आला ते सांगितलं नाहीत. क्षुल्लक गैरसमज, असं म्हणालात. आणि इतक्या वर्षांनी, ती पेन्सिलवाली पोर गेल्यावर भिंतीवरचा चहा पुसता पुसता, माझ्या डोक्यात लख्ख आलं. तुम्ही त्यांना क्षमा करून टाकलीत ती तुम्हाला त्यांची मागायला लागू नये म्हणून. गुडघे कोणी टेकायचे ते तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. एकदा माणूस चारशे डोळ्यांपुढं तुमच्या पायाशी बसला, की तो पुन्हा उठून माझ्या लेकीची घंटा कुठं गेली हे कसं विचारणार? त्यांना फावड्यानं जे जमलं नाही ते तुम्ही एका वाक्यानं केलंत. दोन महिन्यांत ते कुटुंब गाव सोडून गेलं. तुम्ही म्हणालात, पश्चात्तापानं गेले.

दवाखान्यातली एक दुपार तुम्ही कधी गोष्टीत घातली नाहीत. आईला बोलता येत नव्हतं, म्हणून मी माझी पाटी नेऊन दिली होती. वडीलवर्गाच्या बायका आल्या, मोसंबी ठेवली, आणि म्हणाल्या, पाळकीणबाई, धन्य आहे तुमची, तुम्ही त्या माणसाला क्षमा केलीत. आईनं पाटी ओढली आणि लिहिलं, ‘कोणी केली?’ बायकांना वाटलं औषधाची गुंगी असेल. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभे होतात. तुम्ही पुढं झालात, ती पाटी घेतलीत, बाहीनं पुसलीत आणि उशाशी पालथी ठेवलीत. मी तिथंच होते, दाराच्या पायरीवर बसून मोसंबीची सालं काढत होते. त्यानंतर आईचं तोंड कायमचं वाकडं झालं. भाकरी कुस्करून खायची. डाव्या कानानं ऐकू येईना. गायनमंडळ सुटलं, आणि पहिल्या बाकावरून उठून ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली. लोक म्हणायचे, किती नम्र आहेत. तुमची गोष्ट मात्र वर्षागणिक बाळसं धरत गेली. तिसऱ्या वर्षी त्यात तुम्ही एक पाऊल पुढं आला होतात. पाचव्या वर्षी तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, मार. मंडळीच्या मासिकात छापून आलं तेव्हा आई त्यात ‘किरकोळ जखमी’ झाली होती. ते मासिक आईनंच पोस्टमनकडून घेतलं, वाचलं, आणि त्याच्यावर तांदूळ निवडले.

तर मी लासलगावला गेले. जुन्या मंडळीतल्या एका बाईकडून कळलं, की गवंडीमामा अजून आहेत, नव्वदीला टेकलेत, मुलगा कांद्याच्या व्यापाऱ्याकडं मुकादम आहे. एसटीनं उतरले, ट्रॅक्टरच्या रांगेतून वाट काढत विचारत विचारत घर गाठलं. मामा ओसरीवर खाटेवर होते. डोळे गेलेत, कान शाबूत. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हात पुढं केला, मनगट उताणं केलं आणि म्हणाले, हे तुझे दात. अर्धचंद्रासारखा पांढरा व्रण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घरून वाक्य पाठ करून गेले होते. म्हटलं, मामा, मी पपांच्या वतीनं क्षमा मागायला आलेय. तो शब्द तोंडातून बाहेर पडतोय तोच त्यांनी उशाचा पितळी पेला उचलून माझ्या आवाजाच्या रोखानं फेकला. आंधळ्या माणसाचा नेम, कानाला घासून गेला. सून धावत आली. तो शब्द माझ्या घरात नगं, मामा म्हणाले. सुनेनं मला कानाला लावायला ओला फडका दिला आणि त्यांच्या छातीवरून हात फिरवत बसली. बऱ्याच वेळानं ते शांत झाले आणि मला विचारलं, “तुझ्या बापाची माफी तू कुठून आणली? त्यानं दिली व्हती का तुझ्यापाशी?”

मग त्यांनी सांगितलं. पपा, हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून नीट लिहिते. आई त्यांच्याकडं गेली होती. दोनदा. पहिल्यांदा गेली ती जबड्याची तार काढल्यावर महिनाभरात, तुम्ही पाळकांच्या परिषदेला गेला होतात तेव्हा. मला शेजारी ठेवून एकटी एसटीनं गेली. डब्यात पिठलं-भाकरी नेली. म्हणाली, त्या दिवशीचा घास राहिला होता. मामा तिच्या पायावर पडले. पुढचं त्यांच्याच तोंडचं लिहिते, मला त्यात शब्द बदलायचा नाही. “मी म्हनलो, माय, माफ कर. तर म्हनली, आता नाय जमत. जमलं की यिऊन सांगन. मी म्हनलो, नाय जमलं तर? तर म्हनली, नाय जमलं तरी यिऊन सांगन. चार वर्सांनी आली. बसली नाय, पानी घेतलं नाय. उभ्यानंच म्हनली, जमलं. अन् गेली.” मी ओसरीच्या पायरीवर बसून पदर तोंडात कोंबून रडले. क्षमेवर आयुष्यभर ऐकलेली तुमची सगळी प्रवचनं एका पारड्यात टाकली, तरी त्या एका ‘जमलं’पुढं उचलली जातील. चार वर्षं ती शेवटच्या बाकावर बसून तेच करत होती, आणि आपण दोघं समजत होतो की ती गप्प आहे.

उठताना मी विचारलं, आणि पपांचं? आई त्यांच्याबद्दल काही बोलली का? मामा म्हणाले, पहिल्या खेपेला मीही तिला तेच विचारलं होतं. तर ती म्हणाली, “त्यांनी मला कवा इचारलंच नाय, फार लागलं का म्हनून. ज्यानं मागितलीच नाय त्याला काय द्यायचं, ते मला अजून समजंना.” मामा स्वतः तुमच्याबद्दल काय म्हणाले ते मी लिहिणार नाही. ते तुमचं आणि त्यांचं आहे, आणि त्यात मी पडू नये एवढी अक्कल तो पेला कानाजवळून गेल्यावर मला आली. परतीच्या एसटीत मला माझीच चीड आली. तुम्ही तिच्या वतीनं क्षमा केलीत. मी तिच्या वतीनं राग धरून बसले, आणि तो तिचा नव्हताच, तिनं तो कधीच उतरवून ठेवला होता. तिला तुम्हीही विचारलं नाहीत, मीही विचारलं नाही. शेजारची बाई म्हणाली, ताई, कानातून रक्त येतंय. मी म्हटलं, येऊ दे.

घरी येऊन मी प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. तुमची गोष्ट काढली, आईची घातली. वाचणाऱ्याला मी साध्या शब्दांत सांगितलं, की आमच्या श्रद्धेत क्षमा ही देवाची देणगी आहे, पण ती दुसऱ्याच्या नावानं वाटायची सोय कोणाला दिलेली नाही, पाळकालाही नाही. ज्याला लागलं त्यानं करायची, त्याला जमेल तेव्हा. आणि ज्यानं मारलं त्यानं मागायची, कोणी गुडघ्यावर बसवायच्या आत. ती पंचवटीची मुलगी वाचून म्हणाली, मॅडम, हे आमच्या घरी मी वडिलांना वाचून दाखवणार. मला बरं वाटलं. प्रुफं छापून आणून दिली तिनं, स्क्रीनवर मला दिसत नाही म्हणून. कुठं बोट ठेवावं असं काही नाही, फक्त तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. ‘माझ्या वडिलांनी मरेपर्यंत आईच्या जखमेबद्दल एकदाही विचारलं नाही.’ वाक्य चांगलं आहे. त्या मुलीला तर फार आवडलं.

आता हे सांगते आणि थांबते. तुमचं शेवटचं वर्ष, शरणपूरला माझ्या घरी. आई जाऊन तीन वर्षं झालेली. तुमची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. त्या सकाळी वडीलवर्गातले एक जण नव्या पाळकाला घेऊन आले आणि म्हणाले, साहेब, ती गोष्ट यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलीत. अर्ध्या तोंडानं, लाळ गाळत, पण सांगितलीत, चष्मा काढल्यासकट. ते डोळे पुसत गेले. मी तुम्हाला नाचणीची पेज भरवायला बसले. दोन चमचे झाले आणि तुम्ही आपणहून पुन्हा सुरू केलंत, “आम्ही...” आणि मी तुमच्या तोंडावर मारलं. चमच्याच्या हातानं, सगळा जोर लावून. ओठ फाटला, रक्त पेजेत पडलं. तुम्ही गालाला हात लावलात. माझ्याकडं नाही, माझ्या मागं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिलात. आणि म्हणालात, “तिला फार लागलं का गं?”

मी म्हटलं, काय बोलता ते काही कळत नाही, गप्प बसा आणि खा. तुम्ही तोंड उघडलंत, मी चमचा घातला. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. अकरा दिवसांनी गेलात. मी सगळ्यांना सांगत आले, की शेवटी शेवटी पपांचं बोलणं काही उमगत नव्हतं, आणि स्वतःलाही तेच सांगत आले. शब्द बोबडे होते, हे खरं. पण मला नीट कळले होते, पपा. उद्या सकाळी ती मुलगी प्रुफं न्यायला येणार आहे. तिसऱ्या पानावरचं ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही.